पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद, आनंदाश्रमची प्रत: घ्यावी का?

हत्तींच्या आजारांवर आपल्याकडे केवढं काम झालंय ते बघायचं असेल तर हे पुस्तक घ्याच. पुण्याच्या आनंदाश्रम या संस्थेने 1894 साली छापलेलं, मी त्याचं स्कॅनवरून काढलेलं रीप्रिंट मागवलं. अंगदेशाचा राजा रोमपाद प्रश्न विचारतो आणि पालकाप्य मुनी उत्तरं देतात, असं सगळं चालतं. महारोग (मोठे आजार), क्षुद्ररोग (किरकोळ आजार), शल्य (शस्त्रक्रिया) आणि उत्तर (शेवटचा भाग) अशी चार स्थानं, म्हणजे विभाग, एकूण 160 अध्याय, म्हणजे ताप, डोळ्यांचे विकार, जखमा, शस्त्रक्रिया, खाणंपिणं, काहीच सोडलेलं नाही. हत्तीच्या तापाला तर ‘पाकल’ असं वेगळंच नाव आहे! मला शल्यस्थान सगळ्यात भारी वाटलं, कारण लढाईतल्या हत्तीच्या अंगात घुसलेला बाण काढायचा म्हणजे काय जोखीम असेल विचार करा, आणि हे लोक त्याची पद्धत लिहून ठेवतात.

आता तक्रार. छपाई पुसट आहे, काही पानांवर जोडाक्षरं लागतच नाहीत, बाइंडिंगही कच्चं. शिवाय सगळं संस्कृतात, मराठी अनुवाद नाही, त्यामुळे संस्कृत येणारं कुणीतरी सोबत हवंच. व्हेटर्नरीच्या मुलांनी तर नक्की वाचावं. चार स्टार, एक छपाईसाठी कापला.