रोज कामावर जायला रोडबाइक: बजेट कमी असेल तर पैसे कशावर घालायचे?

साधारण एकाच किमतीच्या दोन सायकली समोर आहेत असं धरू. पहिलीवर शिमानोचा सोरा ग्रुपसेट (गियर आणि त्यांचे लिव्हर यांचा संच), टायर २५ मिमीचे, वजन साडेनऊ किलो. दुसरीवर त्याच्या एक पायरी खालचा क्लॅरिस, टायर ३२ मिमीचे, वजन साडेदहा किलो, आणि मागच्या एक्सलजवळ, सीटखाली आणि पुढच्या फोर्कवर (पुढचं चाक धरणारा चिमटा) मडगार्ड-कॅरियर लावायला आटे पाडलेली भोकं. नुसता कॅटलॉग वाचला तर पहिली उजवी वाटते. रोजची ये-जा करायची असेल तर दुसरी घ्या.

गियर, टायर, सीट, हँडल, चेन हे सगळं झिजतं आणि झिजेल तसं बदलता येतं. पण फ्रेम आणि फोर्कमध्ये टायरला किती जागा आहे, मडगार्ड आणि कॅरियर लावायची सोय आहे का, ब्रेक कुठल्या प्रकारचे बसतात आणि मागचा त्रिकोण (मागचं चाक धरणारा फ्रेमचा भाग) किती लांब आहे, या चार गोष्टी सायकल मोडीत निघेपर्यंत तशाच राहतात. तुलना इथून सुरू करावी. ग्रुपसेटचं नाव शेवटी वाचावं.

आधी जागा मोजा

टायरच्या बाजूवर २८-६२२ किंवा ३२-६२२ असा आकडा छापलेला असतो. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. ७००सी म्हणतात ती चाकं ६२२ची. कंपनी 'जास्तीत जास्त टायर' म्हणून जो आकडा देते तो बहुधा मडगार्डशिवायचा असतो. स्पेशलाइज्डच्या २०२३पासूनच्या अलेझचं उदाहरण घ्या: नुसता टायर ३५ मिमीपर्यंत, मडगार्डसह ३२. बहुतेक फ्रेमवर मडगार्ड लावलं की टायर एक माप खाली येतो, हे धरूनच चालावं.

दुकानात मोजायची सोपी रीत म्हणजे ६ मिमीची एलन की (षटकोनी पाना). फोर्कच्या माथ्याखाली, सीटस्टेच्या (सीटकडून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळ्या) आडव्या पट्टीखाली आणि बीबीच्या (पॅडलचा एक्सल फिरतो ती जागा) मागे चेनस्टेच्या (तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या) बेचक्यात ती टायर आणि फ्रेमच्या मधून सहज फिरली पाहिजे. नुसत्या टायरलाच ती अडत असेल तर त्या सायकलवर पूर्ण मडगार्ड बसणार नाही, दुकानदार काहीही म्हणो. मडगार्ड टायरपेक्षा ८ ते १० मिमी रुंद हवं आणि मधे हाताच्या बोटाएवढी फट हवी. फट कमी पडली तर चिखल साचून टायर घासतो हे एक. त्याहून गंभीर म्हणजे पुढच्या मडगार्डमध्ये खडा किंवा काटकी अडकली की मडगार्ड चाकाबरोबर ओढलं जातं आणि चाक जागच्या जागी थांबतं. म्हणून पुढच्या मडगार्डच्या तारांना जोर पडताच सुटणारी क्लिप आहे का, हे बघितल्याशिवाय मडगार्ड घेऊ नका.

तीन प्रकार, एकच रस्ता

*रेसिंगकडे झुकलेली रोडबाइक.* चेनस्टे ४०५ ते ४१५ मिमी, पुढे वाकून बसायची ठेवण, टायर २५ किंवा २८. ती चटकन वळते, चटकन वेग घेते आणि मोकळ्या रस्त्यावर मजा देते. ऑफिसचं सामान लादलं की अडचणी सुरू होतात. मागचा त्रिकोण आखूड असल्यामुळे पॅनियर बॅगेला (कॅरियरच्या बाजूला लटकणारी) दर फेऱ्याला टाच लागते. छोट्या मापाच्या फ्रेममध्ये कमी वेगात वळताना चवडा पुढच्या चाकाला भिडतो, आणि मडगार्ड लावल्यावर जास्तच. जुन्या पद्धतीचे शॉर्ट-रीच रिम ब्रेक असतील (ब्रेकच्या बोल्टपासून रबरापर्यंतचं अंतर ३९ ते ४९ मिमी) तर २८च्या पुढे टायर जात नाही. सामान पाठीवरच्या सॅकमध्ये मावत असेल, रस्ता गुळगुळीत असेल आणि सुट्टीच्या दिवशी वेगाने चालवायची असेल, तरच ही घ्या.

*एंड्युरन्स किंवा ऑल-रोड ड्रॉपबार (खाली वळलेलं हँडल).* चेनस्टे ४१५ ते ४३५ मिमी, हँडल थोडं वर, टायरला ३२ ते ३८ मिमी जागा, डिस्क ब्रेक (रिमऐवजी चाकाच्या मधल्या चकतीला धरणारे), कॅरियर-मडगार्डची भोकं. ट्रेक डोमेन एएल २, जायंट कंटेंड एआर, ट्रायबन आरसी ५०० ही या घराण्यातली माहितीची नावं. मोठे टायर लावल्यावर ती किंचित संथ वाटते, पण खड्डे, सांधे आणि गतिरोधक यांवर हातांना बसणारा हादरा इतका कमी होतो की रोजच्या प्रवासाचा एकूण वेळ जवळपास तोच राहतो. एका बाजूचं अंतर दहा किलोमीटरच्या वर असेल आणि वाटेत मोकळा, वाऱ्याचा पट्टा असेल, तर ड्रॉपबारच्या बदलत्या पकडी आणि खाली वाकायची सोय खरंच उपयोगी पडते.

*फ्लॅटबार (सरळ हँडल).* आखूड अंतर, सतत सिग्नल आणि गर्दी असेल तर हीच, आणि त्यात कमीपणा काही नाही. ड्रॉपबारवरचे ब्रेक आणि गियर एकत्र असलेले लिव्हर महाग असतात. फ्लॅटबारला ते साधे आणि स्वस्त, म्हणून त्याच पैशांत इथे हायड्रॉलिक (केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क मिळतात. ब्रेकवर बोटं कायम असतात आणि नजर आपोआप वर राहते. तासाभराच्या वर चालवलं की मनगटं भरून येतात, वारा छातीवर बसतो, आणि ६२० ते ६८० मिमी रुंद हँडल गाड्यांमधल्या फटीतून नेताना जपावं लागतं. स्वस्त सस्पेन्शन फोर्क असलेली फ्लॅटबार मात्र टाळा. तो फोर्क दोन किलोच्या वर भरतो, पॅडल मारताना शक्ती खातो आणि वर्ष-दोन वर्षांत गंजून अडकतो. ३५ किंवा ४० मिमीचा टायर योग्य हवेवर ठेवला तर तेच काम जास्त चांगलं करतो.

'आत्ता फ्लॅटबार घेऊ, पुढे ड्रॉप लावू' हा बेत करू नका. फ्लॅटबारची फ्रेम मुळातच लांब असते, कारण सरळ हँडल पुढे येत नाही. तिच्यावर ड्रॉपबार लावला की हात आणखी ७० ते ८० मिमी पुढे जातात. शिवाय लिव्हर, बहुधा ब्रेक, आणि कधीकधी पुढचा डिरेलरही (चेन सरकवणारा भाग) बदलावा लागतो. एवढ्यात दुसरी सायकल निम्मी होते.

ब्रेक

पावसात चालवणार असाल तर डिस्क. ओल्या रिमवर ब्रेकचे रबर आधी पाणी पुसतात, मग धरतात. तेवढ्यात सायकल पुढे गेलेली असते. शिवाय चिखलातली रेती रिमच घासून नेते. रिमच्या कडेवरची झीज दाखवणारी खाच दिसेनाशी झाली किंवा कड आत पोकळ लागली की रिम बदलायची. कोरड्या भागात मात्र रिम ब्रेक हलके आहेत, कुणालाही दुरुस्त करता येतात, आणि चांगले रबर घातले की पुरेसे आहेत.

कमी किमतीच्या ड्रॉपबारवर डिस्क बहुतेक केबलवरचे असतात, आणि त्यातही दोन जाती आहेत. एका पिस्टनच्या ब्रेकमध्ये फक्त बाहेरचं पॅड हलतं आणि चकतीला वाकवून आतल्या पॅडवर दाबतं. आतलं पॅड झिजेल तसं मागच्या स्क्रूने हातानेच पुढे आणावं लागतं. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे पॅड झिजल्यावर नुसती केबल ताणत राहणं. केबल ताणली की ब्रेकचा हात आधीच अर्धा फिरलेला राहतो, ओढायला जोर उरत नाही, आणि 'डिस्क असूनही ब्रेक लागत नाही' अशी तक्रार सुरू होते. दोन्ही पॅड हलवणारे, टीआरपी स्पायरसारखे ब्रेक असतील तर त्यासाठी थोडे पैसे जास्त द्यावेत. ग्रुपसेट एक पायरी वर नेण्यापेक्षा हा फरक रोज जाणवतो.

हायड्रॉलिकमध्ये पॅडची झीज आपोआप भरून निघते. चकतीवर 'रेझिन पॅड ओन्ली' असं लिहिलंय का ते बघा. स्वस्त सायकलींवर बहुधा असतंच. त्या चकतीवर धातूचे पॅड घातले तर चकती लवकर खराब होते. पॅडचा थर अर्धा मिमी राहिला की बदला. चाकाचा एक्सल फ्रेममधून आरपार जाणारा असेल तर पंक्चर काढून परत बसवल्यावर चकती त्याच जागी येते. क्विक रिलीजमध्ये (खटका उघडून चाक खाचेतून काढायची पद्धत) ती थोडी सरकते आणि मग घासल्याचा आवाज ऐकत घरी यावं लागतं.

चाकं: इथेच स्वस्ताई लपवलेली असते

मागच्या चाकाला हबवर (चाकाचा मधला भाग) सरकवून बसवलेली कॅसेट (दात्यांच्या चकत्यांचा संच) आहे की आट्यांवर बसणारं फ्रीव्हील, हे विचारा. ७ गियरच्या अगदी स्वस्त सायकलींवर फ्रीव्हील असू शकतं. त्यात उजवीकडचं बेअरिंग आत, हबमध्येच राहतं आणि एक्सलचा बराच भाग आधाराशिवाय बाहेर येतो. कॅरियरवर सामान आणि वाटेत खड्डे, की एक्सल वाकतो किंवा तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग बाहेरच्या टोकाला असतं. ओळखायची खूण सोपी आहे. पॅडल उलटं फिरवा आणि सर्वांत लहान दात्याच्या आतली, हत्यार अडकवायची खाच बघा. दात्यांबरोबर खाचही फिरली तर कॅसेट, खाच स्थिर राहिली तर फ्रीव्हील.

मागे ३२ स्पोक असावेत, निदान २८. वीस-चोवीस स्पोकचं चाक दिसतं देखणं, पण एक स्पोक तुटला तर चाक इतकं वेडंवाकडं होतं की फ्रेमला घासून सायकल ढकलत न्यावी लागते. बत्तीसमध्ये घरापर्यंत जाता येतं आणि मग आउट काढून घेता येते.

टायरमध्ये पंक्चररोधक थर असलेला, श्वाल्बे मॅरेथॉन किंवा काँटिनेंटल गेटरस्किनसारखा टायर सुरुवातीलाच बसवून मागावा. ७०-७५ किलोच्या माणसाला, हलक्या सामानासह, ३२ मिमीच्या टायरमध्ये मागे साधारण ६० आणि पुढे ५० पीएसआय पुरते. कमी हवेवर खड्ड्यात आपटलं की ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडी दिसली तर काच-खिळा शोधत बसू नका, हवा वाढवा.

गियर

टूर्नी ए०७० (क्लॅरिसच्या खालचा) आणि क्लॅरिस यांमधला फरक पैसे देण्यासारखा आहे. ए०७०च्या लिव्हरवर एका बाजूचा गियर अंगठ्याच्या बटणाने पडतो आणि ते बटण हँडलच्या खालच्या वाकात हात असताना हाताशी येत नाही. क्लॅरिस आर२०००मध्ये दोन्ही दिशांचे गियर बोटांनीच पडतात आणि केबल हँडलच्या टेपखालून जातात, त्यामुळे पुढे बॅग किंवा दिवा लावताना आड येत नाहीत. क्लॅरिस ८, सोरा ९, टियाग्रा ४७०० १० गियरचा. ८ गियरची चेन आणि कॅसेट सर्वांत स्वस्त, कुठेही मिळणारी, आणि थोडी बिघडलेली केबल सहन करणारी. रोज वापरायच्या सायकलीला हा मोठा गुण आहे. ८, ९ आणि १० गियरच्या कॅसेट त्याच हबवर बसतात, म्हणून पुढे वर जायची वाट बंद होत नाही.

गियर किती यापेक्षा सर्वांत हलका कोणता ते बघा. पुढे ५०/३४ आणि मागे ११ ते ३२ दाते असतील तर ३२ मिमीच्या टायरवर सर्वांत हलक्या गियरमध्ये पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.३ मीटर पुढे जाते. मागे जास्तीत जास्त २८ दाते असतील तर २.६ मीटर. सामान घेऊन चढ चढताना हा फरक गुडघ्यांना कळतो. दुसऱ्या टोकाला ५०/११ मिनिटाला ८० फेऱ्यांनी फिरवला तर वेग ताशी ४७ किलोमीटर होतो. कामावर जाताना तो क्वचितच लागतो, म्हणून पुढे ४६/३० मिळालं तर जास्त बरं.

माप, आणि बाकीचा खर्च

'मीडियम' या शब्दावर जाऊ नका. स्टॅक (बीबीपासून फ्रेमच्या पुढच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उंची) आणि रीच (तिथपर्यंतचं आडवं अंतर) बघा. स्टॅकला रीचने भागून दीड किंवा त्याहून जास्त आलं (५८० भागिले ३८० म्हणजे १.५३) तर बसायची ठेवण आरामाची. १.४ आलं (५४५ भागिले ३८८) तर ती रेसिंगची. स्टेम (हँडल धरणारा दांडा) १० मिमी कमी-जास्त केलेला चालतो. ३० मिमी कमी करून चुकीची फ्रेम बसवायची वेळ येत असेल तर ते माप तुमचं नाही.

बजेटमधून मडगार्ड, कॅरियर, पुढचा-मागचा दिवा, चांगलं कुलूप, पंप आणि सुटी ट्यूब यांचे पैसे आधी बाजूला काढा, उरलेल्यात सायकल बघा. वजनाचा हिशेबही इथेच होतो. कॅरियर सुमारे ७०० ग्रॅम, मडगार्डची जोडी ५०० ते ६००, कुलूप किलो-दीड किलो, बॅगेत लॅपटॉप आणि डबा. यानंतर सुरुवातीच्या दोन सायकलींमधला एक किलो कुठे गेला ते कळत नाही. डिस्कचा कॅलिपर (पॅड धरणारा भाग) सीटस्टेच्या बाहेर असेल तर साधा कॅरियर त्याला अडतो आणि डिस्कसाठीचा घ्यावा लागतो. कॅलिपर चेनस्टे आणि सीटस्टेच्या कोनात आत बसलेला असेल तर कुठलाही चालतो. कॅरियर दुकानातच लावून घ्या, तुमची भरलेली बॅग अडकवा, तुमचे रोजचे बूट घालून पॅडल मागे फिरवा आणि टाच बॅगेला लागते का बघा.

नवी सायकल १०० ते १५० किलोमीटर चालली की परत दुकानात न्या. तोवर केबल बसतात, गियर अडखळायला लागतात आणि स्पोक थोडे सैल होतात. क्रँकचा (पॅडल लावलेला दांडा) बोल्ट याच वेळी आवळून घ्यायचा. क्रँक चौकोनी भोकाचा असेल आणि बोल्ट सैल असताना चालवत राहिलं, तर ते भोक गोल होतं, आणि मग कितीही आवळलं तरी क्रँक धरत नाही.