तंजावर सहल: मंदिर भव्य, वेळापत्रक तोकडे
रत्नागिरीहून एका पर्यटन कंपनीबरोबर केलेल्या सहलीत तंजावरला जेमतेम एक दिवस मिळाला. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेले बृहदीश्वर मंदिर पाहताना जांभ्याच्या चिऱ्यांना सरावलेली आम्हा कोकणवासीयांची नजर त्या अजस्र ग्रॅनाइटवरून हलत नव्हती. मात्र तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये तिथल्या भिंतीवर कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास मार्गदर्शकाने दाखवलाच नाही. तो आम्हीच शोधला आणि तापलेल्या फरशीवर अनवाणी पाय आलटूनपालटून टेकवत, ओळीमागून ओळ लावत वाचला. सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहालयाला अर्धा तास आणि साड्यांच्या दुकानाला दोन, हा हिशेब अनाकलनीय आहे. बस व जेवण चोख होते. स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनी तंजावरसाठी किमान दोन दिवस राखावेत.