दोन-अडीच हजारांचा गेमिंग कीबोर्ड: ब्लू की रेड?

मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली एक स्विच असतो; ब्लू आणि रेड हे त्याचेच दोन प्रकार. दुकानात दोन्ही शेजारी ठेवून दाबून पाहिले, की हात आपोआप ब्लूकडे जातो. खणखणीत टिक-टिक, बोटाला हलकासा अडथळा, पैसे वसूल झाल्याचं समाधान. मीही असाच भुललो. रात्री साडेअकराला गेम लावला आणि पाच मिनिटांत हॉलमधून आई म्हणाली, "अरे, टाइपरायटर कुठून आणलास?"

ब्लूचा तो टिक बटण तळाला आपटल्याचा नसतो. स्विचमधल्या दांड्याभोवती एक सुटा तुकडा असतो, तो झटक्यात खाली येऊन वाजतो. म्हणजे हलक्या हाताने खेळूनही सुटका नाही. बटण लागलं, म्हणजे कॉम्प्युटरला ते दाबल्याचं कळलं, की आवाज झालाच. शिवाय ते पुन्हा लागायला बरंच वर यावं लागतं, त्यामुळे भराभर दोनदा दाबताना बोट अडखळतं.

रेडला मधे अडथळाच नाही. चेरी कंपनीच्या मूळ रेडचं बटण २ मिमी दाबलं की लागतं, पूर्ण प्रवास ४ मिमी. स्वस्त कीबोर्डांतले आउटेमू कंपनीचे रेड त्याच वळणाचे. पण रेड म्हणजे मुका नव्हे. तळाचा ठक् येतोच, आणि तो कसा येणार हे बरंचसं बॉडीवर ठरतं. आत फोम नसेल, नुसतं पोकळ प्लास्टिक असेल, तर रिकाम्या डब्यावर बोटं वाजवल्यासारखं वाटतं.

म्हणून दुकानात रंगीत दिव्यांकडे बघू नका. कीबोर्ड दोन टोकांना धरून हलकेच पिळा. करकरला तर ठेवून द्या. मग स्पेसबार डाव्या टोकाला दाबा, उजव्या टोकाला दाबा. खडखड आली तर आतली स्टॅबिलायझरची तार (लांब बटण तिरकं होऊ न देणारी) कोरडी आहे. या किमतीत ती बहुधा कोरडीच असते. टूथपिकने थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलं की बरीच शांत होते, पण ती खटपट तुम्हालाच करायची आहे. कीकॅप, म्हणजे बटणांवरच्या टोप्या, एबीएस प्लास्टिकच्या असतील तर गेममध्ये सतत दाबली जाणारी डब्ल्यू-ए-एस-डी लवकर तुळतुळीत होणार. पीबीटी प्लास्टिकच्या मिळाल्या तर उत्तम.

वजनाचं मात्र कौतुक नको. माझ्या ब्लूवाल्यात लोखंडी प्लेट होती, दणकट वाटायचा, पण स्विच सोल्डर केलेले. एक जरी बिघडला तर सोल्डरिंग आयर्न शोधा. हॉट-स्वॅपवाला दिसायला हलका असेल, पण स्विच चिमट्याने उपटून दुसरा बसवता येतो. फक्त सॉकेट कोणते स्विच घेतं ते आधी विचारा. काही स्वस्त सॉकेटांत आउटेमूच्या बारीक पिनाच जातात.

घरात कुणी झोपणारं असेल तर रेड, आणि शे-दोनशे जास्त गेले तरी हॉट-स्वॅप. स्वतंत्र खोली असेल आणि गेमपेक्षा टायपिंग जास्त असेल तर ब्लू खुशाल घ्या, मजा आहे त्यात.

माझा ब्लू सध्या धाकट्या भावाकडे आहे, होस्टेलवर. रूममेटचं काय मत आहे, मी विचारलेलं नाही.