उघडलेले मशीन आणि २४,७५० रुपयांची ‘दुरुस्ती’

घरगुती लाकूड-कोरीवकामाच्या सीएनसी मशीनच्या (संगणकाच्या आज्ञेने कोरणाऱ्या यंत्राच्या) दुरुस्तीच्या नावाखाली माझ्याकडून एकूण २४,७५० रुपये उकळण्यात आले आणि ज्या बिघाडासाठी हे पैसे गेले, तो बिघाड अखेर मी स्वतः दोन मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने (षटकोनी पान्याने) दूर केला. दुरुस्ती करणाऱ्याचे नाव येथे देत नाही, कारण तो दर काही महिन्यांनी ते बदलतो. त्याची पद्धत मात्र बदलत नसावी, म्हणून ती सविस्तर लिहीत आहे.

मशीनची तक्रार साधी होती. नावपाटी कोरायला घेतली की पहिली अक्षरे योग्य खोलीची येत आणि पुढे बिट, म्हणजे कोरणारे पाते, हळूहळू जास्तच खोल जात असे; म्हणजे दोष झेड अक्षात, बिट वर-खाली नेणाऱ्या भागात, होता हे उघड होते. समाजमाध्यमावरील एका जाहिरातीतून हा गृहस्थ भेटला. व्हिडिओ कॉलवरील तपासणीचे १,५०० रुपये त्याने आधी घेतले. बोलणे अत्यंत अदबीचे, प्रत्येक वाक्यात ‘ताई’, आणि स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर), कॉलेट (बिट धरणारी पकड), बॅकलॅश (सुट्या भागांतली ढिलाई) हे शब्द अस्खलित. ज्याला या कामातले काही कळत नाही असा माणूस असे बोलत नाही, असे मला वाटले आणि आजही वाटते. त्याला काम येत होते, म्हणूनच तो फसवू शकला.

ज्या क्षणी फोन ठेवायला हवा होता तो क्षण मला शब्दशः आठवतो. “ताई, सप्लाय चालूच राहू द्या आणि झेड मोटरचा कनेक्टर काढून पुन्हा लावा, म्हणजे मला बोर्डाचा रिस्पॉन्स कळेल.” वायरला हात लावण्याआधी वीज बंद करावी हे लहान मुलालाही सांगितले जाते. अक्ष हलवणाऱ्या, टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या स्टेपर मोटरच्या बाबतीत तर हा नियम अधिकच कडक आहे, कारण चालू ड्रायव्हरवरून (मोटरला प्रवाह पुरवणाऱ्या बोर्डावरच्या भागावरून) मोटर काढली की कॉइलमधला प्रवाह एकदम तुटतो आणि व्होल्टेजचा जो झटका उलटा येतो, तो ड्रायव्हरची चिप जाळू शकतो. मी क्षणभर थांबले, “बंद करू का?” असे विचारलेसुद्धा; त्यावर तो हसून म्हणाला, “बंद केल्यावर टेस्ट कशी होणार?” मी कनेक्टर काढला, पुन्हा लावला, आणि तोपर्यंत निदान फिरत असलेली मोटर गप्प झाली. किंचित जळका वास आला. “बघा, बोर्ड गेलाय म्हटलं ना मी?” हे त्याचे पुढचे वाक्य. डॉक्टरने इंजेक्शन द्यायला सांगितले तर रुग्ण औषधाची बाटली वाचत बसत नाही. तज्ज्ञ म्हणून ज्याला पैसे मोजले त्याचे ऐकले, यात माझे काय चुकले हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

त्यानंतर कंट्रोलर बोर्ड, स्पिंडल आणि झेड अक्षाची संपूर्ण जुळणी सोडवून कुरियरने पाठवावी लागली. खरी मेख इथे आहे. मशीन अर्धे तुमच्या टेबलावर आणि अर्धे त्याच्या ताब्यात असले की दुसऱ्या कोणाकडून अंदाजपत्रक घेता येत नाही, कारण तपासायला दाखवणार काय? भाव मग तोच ठरवतो. नव्या बोर्डाचे ९,८०० रुपये, स्पिंडलच्या बेअरिंगचे ६,४०० रुपये आणि ‘वाकलेल्या’ स्क्रूचे ५,२०० रुपये, अशा मागण्या एकेक करून आल्या. एकत्र आल्या असत्या तर मी तेव्हाच नकार दिला असता. वाकलेल्या स्क्रूचा जो फोटो आला त्यात बॉल स्क्रू, म्हणजे नटात गोळ्या असलेला वेगळाच प्रकार, होता. माझ्या मशीनला अक्ष वर-खाली करणारा, पितळी नट असलेला साधा लीड स्क्रू आहे. हे मी त्याला लिहून विचारले, तेव्हा “फोटो फक्त समजावण्यासाठी पाठवला” असे उत्तर आले. पैसे देण्यापूर्वी तुमच्याच सुट्या भागाचा, तुम्ही केलेली खूण दिसेल असा व्हिडिओ मागा. खूण केलेली नसेल तर भाग घराबाहेर पाठवूच नका.

शेवटी परत पाठवणीच्या खर्चाचे म्हणून १,८५० रुपये घेऊन त्याने एक खोके पाठवले. त्यात सारे स्क्रू एकाच पिशवीत कालवलेले होते. लांब आणि आखूड स्क्रू चुकीच्या छिद्रांत गेले तर लांब स्क्रूचे टोक आतल्या भागावर दाबते आणि सरकणारी पट्टी जाम होते, म्हणून प्रत्येक स्क्रू मोजून लावावा लागला. गँट्री, म्हणजे स्पिंडल वाहून नेणारी आडवी चौकट, काटकोनात आहे की नाही हे दोन्ही कर्णांची लांबी मोजून जुळवले. हे सर्व करत असताना मोटर आणि लीड स्क्रू जोडणारा कपलर पुन्हा बसवायला घेतला आणि मोटरच्या शाफ्टवर त्याचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा आवळणारा स्क्रू) घसरल्याचे चकचकीत ओरखडे दिसले. ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवर बसलेलाच नव्हता; मोटर फिरे, लीड स्क्रू थोडा मागे राही आणि स्पिंडलच्या वजनाने झेड अक्ष खाली उतरे. एवढाच बिघाड होता. सपाट बाजूवर धरून आवळला आणि थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब सोडला.

‘नवा’ बोर्ड जोडल्यावर जे दिसले त्याने मात्र डोके फिरले. सॉफ्टवेअरमध्ये झेड अक्षाच्या ‘स्टेप्स पर मिलिमीटर’ (एक मिलिमीटर सरकायला मोटरने घ्यायचे टप्पे) या रकान्यात ४०१.६ हा आकडा होता. हा आकडा कारखान्याचा नाही. डायल गेज हे बारीक अंतर मोजणारे उपकरण लावून तो मी स्वतः काढलेला होता आणि बोर्डाच्या स्मृतीत साठवलेला होता. म्हणजे ९,८०० रुपयांत माझाच जुना बोर्ड मला परत मिळाला, त्यावरचा फक्त एक ड्रायव्हर बदलून. बोर्डावरच्या तीन ड्रायव्हरांपैकी एकाचाच हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) वेगळ्या रंगाचा आहे. तो ड्रायव्हर बोर्डावरून सहज उपटून काढता येतो आणि शंभर-दीडशे रुपयांना मिळतो. स्पिंडलच्या बेअरिंगचीही तीच कथा: सीलवर सागाचा जुना भुसा तसाच चिकटलेला होता.

यानंतर तक्रारीचे रामायण सुरू झाले. बँकेने सांगितले की पिन तुम्ही स्वतः टाकला, त्यामुळे हा अनधिकृत व्यवहार ठरत नाही. नियमाच्या भाषेत ते खरेही असेल, पण ज्याच्या खात्यात पैसे गेले तो त्याच बँकेचा ग्राहक असताना त्याला साधा प्रश्नही विचारायचा नाही, हा कुठला न्याय? पोलीस ठाण्यात तर माझ्या अर्जाचा पहिला परिच्छेद वाचूनच विचारण्यात आले, “मशीन घरी आलं ना? मग फसवणूक कसली?” दिवाणी बाब आहे, वकील गाठा, आरोपी दुसऱ्या हद्दीतला आहे, तिकडे जा, मशीन कसे चालते ते आम्हाला कळत नाही, तज्ज्ञाचा दाखला आणा. भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीचे ३१८ वे कलम मी नमूद केले, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी तक्रार नोंदवून घेण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात आहे हेही सांगितले. तेव्हा “ताई, तुम्हीच इथे येऊन बसा” असे उत्तर मिळाले. अर्जाची पोच मागितली तर साहेब बाहेर गेलेले. साहेब आले तर शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली दुसऱ्या पाळीच्या हवालदाराकडे. जो माणूस तक्रार करायला येतो त्यालाच गुन्हेगारासारखे बाकावर बसवून ठेवायचे आणि तो कंटाळून निघून गेला की प्रकरण मिटले म्हणायचे, ही व्यवस्था नेमकी कोणाच्या सोयीची आहे हे सांगायला नको.

ऑनलाइन पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करा. रक्कम पुढे सरकण्याआधी रोखता आली तर तेवढाच मार्ग असतो. बिलावरचा जीएसटी क्रमांक मोजा. तो १५ अक्षरी असतो, पहिले दोन अंक राज्याचे आणि पुढची दहा अक्षरे पॅनची. माझ्या बिलावर १४ अक्षरे होती आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर ती आधी तपासली असती तर पुढचे सर्व टळले असते. बोर्ड पाठवण्यापूर्वी त्यातील सर्व सेटिंग्ज कागदावर उतरवून ठेवा.

ग्राहक आयोगाकडे मी तक्रार दाखल केली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याआधी बिलावरील पत्त्यावर पाठवलेली नोटीस ‘असा इसम येथे राहत नाही’ या शेऱ्यासह परत आली. ते पाकीट न फोडता तक्रारीला जोडले आहे. बँक खात्यावरून त्याचा खरा पत्ता मागवावा असा स्वतंत्र अर्जही दिला असून त्यावरचा आदेश अजून यायचा आहे.