गोव्यात घटस्फोटासाठी वकील शोधताय? माझ्या बहिणीला कसं फसवलं ते आधी वाचा

हे मी बहिणीला विचारूनच लिहितेय, नाव कुणाचंच देत नाही. डिचोली, म्हापसा, फोंडा बाजूला असं काही अजून कुणाचं चालू असेल तर त्यांनी कृपा करून वकिलाला पुढचा हप्ता देऊ नका, आधी हे पूर्ण वाचा.

बहीण आणि तिचा नवरा दोघांनाही वेगळं व्हायचं होतं, भांडण तंटा काही उरला नव्हता, फक्त कागद व्हायचे होते. नात्यातल्याच एकाने एका "वकिलाचा" नंबर दिला. झेरॉक्सच्या दुकानात मागे टेबल टाकून बसायचा, काळा कोट खुर्चीला लटकवलेला, समोर फायलींचा ढीग, येणारे जाणारे नमस्कार करायचे, मग कोण शंका घेणार. तो म्हणाला, "बाय, तू काळजी करू नको, गोव्यात पोर्तुगीज कायदा, इथं लग्न म्हणजे करार, दोघांनी सही करून झाला तसा दोघांनी सही करून मोडतो, कोर्टाची पायरी चढायची गरजच नाही, पंधरा दिवसांत हातात देतो."

यात अर्धं खरं होतं आणि म्हणूनच ते पटतं. आपल्याकडे १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड अजून लागू आहे, लग्न सिव्हिल रजिस्ट्रारकडे सह्या करून होतं, १९१० च्या कायद्यात लग्नाला करारच म्हटलंय. हिंदू मॅरेज अॅक्टचं जे नेटवर वाचायला मिळतं, सहा महिने थांबा वगैरे, ते आपल्या इथल्या लग्नाला लागत नाही. पण घटस्फोट मात्र कोर्टच देतं! ३ नोव्हेंबर १९१० च्या घटस्फोटाच्या कायद्यात संमतीने वेगळं व्हायचं तरी अर्ज कोर्टात करावा लागतो, लग्नाला दोन वर्षं होऊन गेलेली हवीत आणि दोघांचंही वय २५ पूर्ण हवं. स्टँप पेपरवर नोटरी करून घटस्फोट होत नाही, कुठल्याच धर्माच्या गोंयकाराचा होत नाही.

पैसे त्याने तुकड्या तुकड्यांनी काढले. आधी १५ हजार कोर्ट फी म्हणून, मग २५ हजार "वरचा खर्च", मग पेपरात जाहिरात द्यायला म्हणून १२ हजार. काही रोख, काही गूगल पे वर आणि ते पण भलत्याच बाईच्या नावावर. पावती एकाचीही नाही. नवऱ्याकडून वेगळे घेतले ते आम्हाला नंतर कळलं. मग दोघांना बसवून ५०० च्या स्टँप पेपरवर सह्या घेतल्या आणि काही दिवसांनी व्हॉट्सअॅपवर कोर्टाचा शिक्का असलेल्या "डिक्री"चा, म्हणजे घटस्फोटाच्या कोर्टाच्या हुकुमाचा, फोटो पाठवला. ओरिजिनल मागितलं की "रजिस्ट्रारकडे पोचली, ते बघतील".

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला तर त्या स्टँप पेपरच्या आतल्या पानाचा. त्यात एक ओळ होती की बायकोचा म्हापशाच्या फ्लॅटवर कसलाच हक्क नाही. हा फ्लॅट लग्नानंतर घेतलेला, नवऱ्याच्या नावावर. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर कम्युनियन ऑफ असेट्स, म्हणजे नाव कुणाचंही असू दे, अर्धा हिस्सा बायकोचा आणि लग्न झाल्यावर ही पद्धत बदलता येत नाही. वाटणी घटस्फोटानंतर इन्व्हेंटरी, म्हणजे दोघांच्या मालमत्तेची यादी, करून होते. हे आपल्या बायकांना माहीत असतं, पण सही करताना दुःखात कोण पानं वाचतं? नवरा शपथेवर सांगतो की त्याने असं काही लिहायला सांगितलं नव्हतं. आता त्या कागदामुळे उगाच वाद वाढायची भीती आहे ती आहेच.

उघडकीला आलं ते बहिणीचं दुसरं लग्न ठरलं तेव्हा. सिव्हिल रजिस्ट्रारकडे गेलो तर तिथल्या बाईंनी जुनं लग्नाचं रेकॉर्ड काढलं, त्यावर घटस्फोटाचा शेराच नाही! कोर्टाकडून डिक्रीची सर्टिफाइड कॉपी येते आणि मग त्या रेकॉर्डवर शेरा पडतो, तोवर तुम्ही कागदोपत्री विवाहितच. घरी येऊन फोटोतला केस नंबर ई-कोर्ट्सच्या, म्हणजे कोर्टातल्या केसेस दाखवणाऱ्या सरकारी अॅपवर टाकला तर तिथे कुणाच्यातरी जमिनीचा दावा निघाला. हात पाय गार पडले. मुलाकडच्यांना आधी देवळात लग्न उरकून घ्यायचं होतं, तसं झालं असतं तर पहिलं लग्न कायम असताना दुसरं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ८२, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ती बिचारी काही न करता आरोपी झाली असती.

म्हणून सांगते, केस घातली म्हणून वकील सांगतो ना, त्याच दिवशी सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टात प्रत्येक केसला मिळतो तो वेगळा नंबर, मागा. सोळा अक्षरं आकडे असतात, गोव्याच्या केसचा जीए ने सुरू होतो, अॅपवर फुकट बघता येतं, तुमचं आणि नवऱ्याचं नाव, पुढची तारीख सगळं दिसतं. नंबर देत नसेल तर केस नाही असंच समजा. आणि वकालतनाम्यावर सही घेतल्याशिवाय कुठलाही वकील तुमच्यातर्फे उभा राहत नाही, बहिणीकडून ती कधी घेतलीच नव्हती. सनदेचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा, नंबर विचारायला लाजू नका, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा कडे चौकशी करता येते, आम्ही केली तर या माणसाची नोंदच नाही. खरा वकील गैरवागला तर तक्रार तिथेच करायची, पण हा वकीलच नाही म्हणून आम्ही पोलिसांत दिली, फसवणुकीचं कलम ३१८ आणि बनावट कागदाचं. गूगल पे चे स्क्रीनशॉट आणि तो "डिक्री"चा फोटो जपून ठेवला होता ते कामाला आलं.

आणि एक, जे कुणी सांगत नाही. बाईला सरकारी वकिली मदत फुकट मिळते, उत्पन्न कितीही असलं तरी, १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, नाहीतर १५१०० वर फोन करा. बहिणीला तिथूनच वकील मिळाल्या, त्यांनी सगळे कागद आमच्यासमोर मोठ्याने वाचून मग सह्या घेतल्या. अर्ज आता खरा दाखल झालाय, सीएनआर नंबर तिच्या फोनमध्ये आहे, आणि मुलाकडचे थांबायला तयार आहेत.