शेल फंक्शनचे उत्तर: ‘रिटर्न’ की ‘इको’?

बॅश या शेलमध्ये (टंकलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) फंक्शन लिहिणे सोपे असले, तरी त्याचे उत्तर बाहेर कसे आणायचे याबाबत इतर भाषांतून आलेल्यांची हमखास फसगत होते. ‘रिटर्न’ हे मूल्य परत करण्यासाठी नसून काम यशस्वी झाले की नाही एवढेच कळवण्यासाठी आहे. त्यातून 0 ते 255 एवढेच आकडे बाहेर येतात, आणि 300 परत केल्यास कोणतीही तक्रार न करता 44 हाती येतात. शिवाय येथे 0 म्हणजे यश. त्यामुळे ‘फाइल आहे का’ अशा प्रश्नाला, ‘इफ’सोबत, ‘रिटर्न’च शोभते.

नाव, तारीख किंवा मोठी बेरीज हवी असल्यास फंक्शनने ती ‘इको’ने छापावी आणि बोलावणाऱ्याने $( ) मध्ये पकडावी. मात्र हे कंस उपशेल (शेलची वेगळी प्रत) उघडत असल्याने आत बदललेले चल (व्हेरिएबल) बाहेर तसेच राहतात, शेवटच्या रिकाम्या ओळी गळतात आणि तपासणीसाठी घातलेला एखादा ‘इको’ही उत्तरात मिसळतो; असे संदेश >&2 लिहून त्रुटीप्रवाहाकडे (stderr) वळवावेत. ‘लोकल’ची (फंक्शनपुरत्या चलाची) घोषणा आणि $( ) एकाच ओळीत लिहिल्यास फंक्शनचे अपयश झाकले जाते, म्हणून मी त्या दोन ओळी नेहमी वेगळ्या ठेवतो.