डिस्कचा एरर आला: ड्रायव्हर, फॉरमॅट की नवी डिस्क?

सेलूला माझ्या चुलतभावाचं ई-सेवा केंद्र आहे. ऐन पीक विम्याच्या गर्दीत त्याच्या पीसीवर डिस्कचा एरर यायला लागला. दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट करून विंडोज नव्याने मारून दिली. डेस्कटॉपवर स्कॅन करून ठेवलेले लोकांचे सातबारे गेले, आणि चार दिवसांनी तोच एरर परत आला. दोष निघाला साटा केबलचा, म्हणजे डिस्कला मदरबोर्डशी जोडणाऱ्या वायरचा.

म्हणून सांगतो, तीनपैकी काहीही निवडण्याआधी कामाच्या फायली दुसरीकडे काढून घ्या आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. 'रीअलोकेटेड' किंवा 'पेंडिंग' सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागांचा, आकडा वाढत असेल तर डिस्कच खराब होत चालली आहे. 'सीआरसी एरर', म्हणजे केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुका, वाढत असतील तर आधी केबल बदला. दोन्हीकडे काही नसेल तर मग ड्रायव्हरकडे, म्हणजे विंडोज ज्याच्यामार्फत डिस्क चालवते त्या छोट्या सॉफ्टवेअरकडे, वळा.

ड्रायव्हरचा इलाज सगळ्यात स्वस्त, दहा मिनिटांचा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसतोय का पाहा. कोड १० म्हणजे डिव्हाइस सुरू होत नाही, कोड ३९ म्हणजे ड्रायव्हरची फाइल खराब किंवा गायब. डिव्हाइस अनइन्स्टॉल करून पीसी रीस्टार्ट केला की विंडोज ड्रायव्हर पुन्हा स्वतःच बसवते. अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर 'रोल बॅक ड्रायव्हर' करून पाहा. डिस्कच्या ड्रायव्हरवर २१ जून २००६ ही तारीख दिसली म्हणून घाबरू नका. कंपनीचा ड्रायव्हर असेल तर त्याला प्राधान्य मिळावं म्हणून मायक्रोसॉफ्टने आपल्या ड्रायव्हरवर ती तारीख मुद्दाम ठेवली आहे. तेवढ्यासाठी ड्रायव्हर अपडेटरला पैसे देऊ नका.

इथे एक धोका मात्र नीट समजून घ्या. रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या) अप्परफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या नोंदी उडवा, हा सल्ला व्हिडिओंमध्ये सर्रास मिळतो. तो डीव्हीडी ड्राइव्हसाठी आहे. रजिस्ट्रीतल्या डीव्हीडीच्या की-चं, म्हणजे फोल्डरचं, नाव लांबलचक कोड असतो आणि त्यातला पहिला गट ९६५ ने संपतो. हार्ड डिस्कचा ९६७ ने. दोन्ही नावं दिसायला जवळजवळ सारखीच. ९६७ मधल्या अप्परफिल्टर्समध्ये पार्टएमजीआर हा डिस्कचे पार्टिशन सांभाळणारा ड्रायव्हर असतो. तो उडवला तर विंडोज सुरूच होत नाही. व्हिडिओ पाहून रजिस्ट्रीला हात लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

फॉरमॅट मी शेवटी ठेवतो. एसएफसी आणि डीआयएसएम या विंडोजच्या फायली दुरुस्त करणाऱ्या दोन्ही कमांड चालवूनही सिस्टिम फायली सुधारल्या नाहीत, तेव्हाच त्याला अर्थ आहे. प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन हे सगळं पुन्हा बसवण्यात अर्धा दिवस सहज जातो. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या काही मशीनवर विंडोज टाकताना डिस्क यादीत दिसतच नाही, आणि ती मेली असं वाटून लोक नवी घेतात. तिथे फक्त व्हीएमडीचा, म्हणजे इंटेलच्या डिस्क कंट्रोलरचा, ड्रायव्हर हवा असतो. तो पेनड्राइव्हवर घेऊन 'लोड ड्रायव्हर' करा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे नव्याने टाकायचीच असेल तर मशीनवर ११ चालते का तेही बघा.

नवी डिस्क कधी? सेक्टरचे आकडे वाढत असतील किंवा विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डिस्क'च्या नावाने ७ नंबरची नोंद, म्हणजे बॅड ब्लॉक, वारंवार येत असेल तेव्हा. मग वेळ घालवू नका, एसएसडी घ्या. जुन्या डिस्कवर आधी चेकडिस्क आर (chkdsk /r), म्हणजे खराब सेक्टर शोधणारी कमांड, चालवायचा मोह टाळा. तो अख्खी डिस्क वाचून काढतो, आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कला तो ताण सोसत नाही. आधी डेटा. आपल्याकडे लाइटीची ये-जा असते, म्हणून डिस्कच्या खर्चातच यूपीएस धरा.

केबल बदलल्यावर सीआरसीचा जुना आकडा शून्य होत नाही, फक्त वाढायचा थांबतो. चुलतभावाने तो आकडा मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीवर लिहून ठेवलाय आणि दर महिन्याला ताडून पाहतो.